वाट सोपी, डोंगर नाही: कॉनॉट क्रीकचं प्रकरण

२ फेब्रुवारी २००३ ची भारतातली वर्तमानपत्रं कोलंबिया यानाच्या आणि कल्पना चावलाच्या बातमीने भरलेली होती. कोलंबिया यान कोसळलं त्याच दिवशी, काही तासांनी, कॅनडाच्या पश्चिमेला एका बर्फाळ खोऱ्यात दहावीच्या वर्गातली सात मुलं हिमस्खलनात गेली. आपल्याकडे ही बातमी फारशी कोणाच्या नजरेत आली नाही. कॅनडात मात्र तिने स्की टूरिंगच्या वाटा ठरवायची आणि त्यांना श्रेणी द्यायची पद्धतच बदलली. बर्फातल्या वाटांबद्दल थोडं वाचन झालं की हे प्रकरण समोर येतंच. हिमालयात मुलांना पाठवणाऱ्या, स्वतः जाणाऱ्या आणि गट नेणाऱ्या मराठी माणसांनी ते नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

जागा म्हणजे ब्रिटिश कोलंबियातल्या सेलकर्क पर्वतरांगेतली रॉजर्स पास खिंड. खिंडीची उंची १३३० मीटर, म्हणजे साधारण महाबळेश्वरएवढीच. पण पॅसिफिकवरून येणारी ओल इथे अडते आणि एका हिवाळ्यात दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. भोवती हिमनद्यांनी कोरलेले उभे कडे आहेत. इलेसिलेवेट हिमनदी, असुलकन खोरं, बॉनी हिमनदी, हर्मिट बेसिन ही नावं जगभरच्या स्की टूरिंगवाल्यांच्या तोंडी असतात. इथे लिफ्ट नाही आणि दाबून सपाट केलेला उतारही नाही. स्कीच्या तळाला स्किन नावाची केसाळ पट्टी लावायची, म्हणजे स्की मागे घसरत नाही. स्वतःच्या पायांनी तासन्‌तास चढायचं, वर पोचल्यावर पट्टी सोलून काढायची आणि ताज्या बर्फातून खाली यायचं. हमरस्त्याच्या कडेला गाडी लावून थेट हिमनदीकडे निघता येतं, म्हणून इथे गर्दी असते.

या खिंडीला हिमस्खलन नवं नाही. रेल्वे इथून १८८५ मध्ये गेली. ४ मार्च १९१० च्या रात्री चीऑप्स डोंगरावरून आलेला बर्फ रुळांवरून उपसायचं काम चालू होतं. तेवढ्यात समोरच्या अ‍ॅव्हलांच डोंगरावरून दुसरा लोट आला. ५८ कामगार गेले, त्यातले ३२ जपानी होते. शेवटी रेल्वेने खिंड सोडली आणि १९१६ मध्ये खालून आठ किलोमीटरचा कॉनॉट बोगदा काढला. १९६२ मध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्ग पुन्हा खिंडीवरूनच गेला. तो वाहता ठेवण्यासाठी कॅनडाचं लष्कर दर हिवाळ्यात १०५ मिलिमीटरच्या तोफा आणतं आणि रस्त्यावर येऊ शकणारे उतार गोळे डागून आधीच पाडतं. त्यामुळे इथे स्कीला जायचं तर हिवाळी परवाना लागतो. आज कोणता भाग खुला आहे आणि कुठे गोळे पडणार आहेत, ते पाहूनच निघायचं.

तोफा राखतात तो रस्ता. रस्त्याकडे न उतरणारे, आतल्या खोऱ्यांत उघडणारे उतार मात्र आपापल्या वेळेला सुटतात. कॉनॉट क्रीक हे असंच एक आतलं खोरं. ते खिंडीपासून पश्चिमेला बालू खिंडीपर्यंत जातं. अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास, चढ सुमारे ८०० मीटर. उजव्या हाताला ग्रिझली आणि उर्सस मायनर, डाव्या हाताला चीऑप्सची उत्तरेकडची भिंत. वाट मधून, ओढ्याच्या काठाने जाते. पायाखाली उतार मंद, बराच वेळ झाडी, हिमनदीवरच्या भेगांचं भय नाही, दोर बांधायची गरज नाही. नवख्या माणसाला स्की टूरिंगची ओळख करून द्यायला ही वाट चांगली, असं बऱ्याच जणांचं मत होतं.

१ फेब्रुवारीला सकाळी इथेच एक शाळेचा गट निघाला. शाळा अल्बर्टात, कॅल्गरीच्या दक्षिणेला. दहावीच्या वर्गातली १४ मुलं आणि तीन मोठी माणसं. वर्षभराच्या मैदानी शिक्षणाचा हा एक भाग होता आणि मुलांची तयारी करून घेतलेली होती. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्ससीव्हर (बर्फाखालच्या माणसाला शोधायला सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी). शिक्षकांनी त्या दिवसाचं हिमस्खलन पत्रक पाहिलं होतं. वृक्षरेषेच्या (जिथे झाडी संपते त्या उंचीच्या) वर आणि वृक्षरेषेपाशी धोका ‘लक्षणीय’, झाडीत ‘मध्यम’. बेत खोऱ्याच्या तळाने जायचा होता, उभ्या उतारावर पाऊल टाकायचा नव्हता. हिमस्खलनाचे पट्टे, म्हणजे बर्फाचे लोट ज्या जागांवरून खाली येतात त्या, ओलांडताना मुलं एकमेकांत अंतर ठेवून चालत होती.

पावणेबाराच्या सुमारास चीऑप्सची उत्तर बाजू सुटली. ती कोणाच्या पावलाने सुटली नाही, तिच्या जवळपासही कोणी नव्हतं. खोऱ्यात त्या वेळी आणखी दोघे जण स्कीवर होते, दोघेही धंद्याने गाईड. सकाळी ते या गटाला ओलांडून पुढे गेले होते. भिंत सुटलेली त्यांना वरून दिसली आणि ते ओरडले. पण एवढ्या उंचीवरून येणारा लोट खोऱ्याच्या तळाशी पोचायला मिनिटही लागत नाही. सतराच्या सतरा जण त्यात सापडले.

कॅनडात हिमस्खलनाचा आकार त्याच्या नाशशक्तीवरून मोजतात. आकार ३ म्हणजे मोटारगाडी गाडून टाकेल, लहान घर मोडेल असा. आकार ४ म्हणजे रेल्वेचा डबा किंवा भलामोठा ट्रक उद्ध्वस्त करेल असा. हे होतं ३.५.

पुढच्या तासाभराची हकिकत वाचताना आजही हात थंड पडतात. ते दोन गाईड स्कीवरून खाली आले आणि ढिगाऱ्यावर शोध सुरू केला. गटाच्या शिक्षकाला त्यांनी मोकळं केलं आणि शिक्षकाने सॅटेलाइट फोनवरून मदत मागितली. मग एकेक सिग्नल पकडायचा, प्रोब खुपसायची, खणायचं, चेहरा उघडा करायचा, श्वास चालू आहे का बघायचं आणि पुढच्या सिग्नलकडे जायचं. बाहेर निघालेली मुलंही खणायला लागली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ट्रान्ससीव्हर म्हणजे जणू सुरक्षेची हमी, असा समज आपल्याकडेही पसरलेला आहे. एकच माणूस गाडला गेला आणि चार जण वर असले तर ट्रान्ससीव्हर कमाल करतो. सगळा गटच खाली असेल तर शोधणार कोण? शिवाय एकाच जागी डझनभर यंत्रं सिग्नल सोडत असली की कोणता सिग्नल कोणाचा हे वेगळं काढणं फार कठीण होतं. स्थिरावलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, क्षणात घट्ट बसतो. फावड्याशिवाय तो हलत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात. अर्ध्या तासाकडे घड्याळ सरकलं की हे प्रमाण भराभर घसरतं. दोन माणसांनी सुरुवात केलेल्या शोधात आणि मग पार्क्स कॅनडाची (तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) पथकं हेलिकॉप्टरने आल्यावर मिळून दहा जण जिवंत निघाले. सात मुलं गेली. ते दोघे योगायोगाने तिथे नसते तर आकडा कुठे गेला असता, याचा विचारही नको वाटतो.

आता त्या हिवाळ्याबद्दल. २००२ च्या नोव्हेंबरात तिथे बर्फावर पाऊस पडला आणि वर कडक पापुद्रा धरला. पुढच्या थंडीत त्या पापुद्र्याच्या अंगाने साखरेसारखे सुटे दाणे तयार झाले. हा कमकुवत थर पुढच्या प्रत्येक हिमवर्षावाखाली गाडला गेला, पण बरा झाला नाही. असा थर फार फसवा असतो. ताज्या बर्फाचा धोका दोन-तीन दिवसांत उतरतो. खोल गाडलेला हा थर मात्र आठवडेच्या आठवडे शांत राहतो आणि मग एखादा भार त्याला पुरेसा होतो. त्यावेळी सुटतो तो अख्ख्या हिवाळ्याचा साठा. २० जानेवारीला, म्हणजे कॉनॉट क्रीकच्या बारा दिवस आधी, याच सेलकर्क रांगेत ड्युरँड हिमनदीच्या परिसरात गाईडबरोबर गेलेल्या गटातले सात जण गेले होते. प्रसिद्ध स्नोबोर्डपटू क्रेग केली त्यांतलाच एक. त्या मोसमात कॅनडात हिमस्खलनांनी एकूण २९ बळी घेतले.

म्हणजे इशारा हवेत होता. पत्रकही होतं, शिक्षकांनी ते वाचलंही होतं. मग अडलं कुठे? एका माणसावर बोट ठेवून मोकळं व्हायची घाई मला इथे पटत नाही. त्या काळी अनुभवी माणसांनाही हे पत्रक जसं वाचायची सवय होती, त्यातच घोळ होता.

धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतितीव्र. ‘लक्षणीय’ तिसरी, बरोबर मधली. मधली म्हटलं की मन आपोआप ‘ठीकठाक’ असं वाचतं. प्रत्यक्षात या पायरीची व्याख्या सांगते, की माणसाच्या वजनाने हिमस्खलन सुटण्याची बरीच शक्यता आहे आणि आपोआप सुटणंही शक्य आहे. हे दुसरं अर्धं वाक्य वाचूनही निसटतं. अनेक देशांच्या नोंदींत सर्वांत जास्त स्कीअर याच पायरीवर मेलेले दिसतात. चौथ्या-पाचव्या पायरीवर माणसं घरी बसतात, तिसऱ्यावर बाहेर पडतात.

पण मूळ गोम त्याहून खोल आहे. पत्रक बर्फाबद्दल बोलतं, आणि तेही शेकडो चौरस किलोमीटरच्या प्रदेशातल्या बर्फाबद्दल. तुम्ही त्या प्रदेशात नेमके कुठे उभे आहात, हे ते सांगू शकत नाही. ‘लक्षणीय’ धोक्याच्या दिवशी सपाट, दाट जंगलात फिरणारा माणूस निर्धास्त असतो आणि त्याच दिवशी मोठ्या पट्ट्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस नसतो. कॉनॉट क्रीकच्या गटाच्या हिशोबात ‘झाडीत मध्यम’ हा शेरा होता आणि ते झाडीच्या उंचीवरच होते. मात्र त्यांच्यावर जे आलं ते वरच्या, ‘लक्षणीय’ टापूत सुटलं होतं. खोऱ्याचा तळ मोठ्या उतारांच्या पायथ्याशी असला की वरचा धोका खाली येतो. आपल्या घाटातला रस्ता गाडीला कितीही सोपा असला, तरी दरड कुठून पडते हे रस्त्याच्या चढावावरून कळत नाही.

यात ‘सोपी’ ही श्रेणी दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरली जात होती, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. स्की चालवायला सोपी वाट आणि हिमस्खलनापासून सुरक्षित वाट यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. किंबहुना उभ्या डोंगरांच्या रांगेत सोपी चाल बहुतेकदा खोऱ्याच्या तळानेच मिळते, आणि सगळे पट्टे रिकामे होतात तेही तिथेच. नवखे लोक अशा वाटांवर जातात ते त्या सोप्या म्हणूनच. धोका कुठल्या दगडाखाली आहे हे ओळखायची नजर नसलेली माणसं अशा रीतीने नेमकी धोक्याच्या टप्प्यात जाऊन उभी राहतात. मोठ्या हिमस्खलनाची धाव कुठवर जाईल, याचा ढोबळ अंदाज करायची एक रीत आहे. उभं राहायचं तिथून वर, बर्फ जिथून सुटेल त्या सर्वांत उंच जागेकडे पाहायचं आणि कोन मोजायचा. मोठे लोट बऱ्याचदा २५ अंशांच्या आसपास थांबतात, काही २० च्याही खाली जातात. कोन त्याहून मोठा असेल तर पायाखालची जमीन कितीही सपाट असो, आपण पट्ट्यात आहोत. मोडक्या, एकाच दिशेला वाकलेल्या झाडांची रांग, किंवा जुन्या जंगलाच्या मधोमध कोवळ्या झाडांचा पट्टा दिसला तर कोन मोजायचीही गरज नाही.

घटनेनंतर पार्क्स कॅनडाने बाहेरच्या तीन जणांकडून सगळ्या व्यवस्थेची तपासणी करून घेतली. त्या वर्षीच्या जूनमध्ये आलेल्या अहवालात तीसहून अधिक शिफारशी होत्या. शाळेनेही स्वतंत्र परीक्षण करवलं. मुलांच्या पालकांनी हा विषय थंड होऊ दिला नाही. २००४ मध्ये देशभरच्या हिमस्खलन इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, तेच आजचं अ‍ॅव्हलांच कॅनडा. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याच वर्षी आलेली भूप्रदेशाची श्रेणी. ग्रँट स्टॅटहॅम आणि पार्क्स कॅनडातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तिचं नाव अ‍ॅव्हलांच टेरेन एक्स्पोजर स्केल, संक्षेपात एटीईएस.

या श्रेणीत आज बर्फ कसा आहे हा प्रश्नच नाही. जागा हिमस्खलनाला किती उघडी आहे, एवढंच ती विचारते. उतार किती आणि कसा, जंगल किती दाट, सुटण्याच्या जागा किती, धाव कुठवर येते, पट्टे एकमेकांवर चढतात का, मोठं हिमस्खलन किती वर्षांनी येतं, खाली ओढा किंवा खड्डा आहे का जिथे बर्फ खोल साचेल, धोक्यात किती वेळ घालवावा लागतो, बगल द्यायला दुसरी वाट आहे का, आणि हिमनदी असेल तर तिच्यात भेगा आणि लोंबते हिमखंड किती. अशा अकरा निकषांवरून वाट ‘साधी’, ‘आव्हानात्मक’ किंवा ‘गुंतागुंतीची’ ठरते. काही निकष इतके जड आहेत की त्यांतला एक जरी लागू झाला तरी वाट वरच्या वर्गात जाते, बाकीचे कितीही सौम्य असोत. सरासरी काढून धोका सौम्य करायची सोय त्यांनी ठेवली नाही. ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

कॉनॉट क्रीकच्या वरच्या भागाला हे प्रश्न विचारून पाहा. चालायचा उतार मंद, हिमनदी नाही. इथवर सगळं साधं. पण डाव्या-उजव्या बाजूंचे पट्टे वाटेला एकामागून एक छेदतात. धाव तळापर्यंत, काही ठिकाणी पलीकडच्या काठापर्यंत येते. खोरं अरुंद, त्यामुळे बगल द्यायला जागा थोडी. आणि मुलांच्या चालीने जायचं तर धोक्यातला वेळ तासांत मोजावा लागतो. पायांना सोपी वाटलेली वाट या प्रश्नांपुढे सोपी उरत नाही.

श्रेणी आल्यावर पार्क्स कॅनडाने नियमही केला. पालक सोबत नसलेल्या अल्पवयीन मुलांना एखादी संस्था हिवाळ्यात नेत असेल, तर ‘गुंतागुंतीच्या’ भूप्रदेशात प्रवेशच नाही. ‘आव्हानात्मक’ भागात जायचं तर प्रमाणित गाईड हवाच. यावर तेव्हाही कुरकुर झाली, की असं केलं तर मुलांना डोंगर कळणार कसा. मला नियम योग्य वाटतो. मोठा माणूस पत्रक वाचून, नकाशा पाहून स्वतः जोखीम घेतो. पंधरा वर्षांचं मूल ती घेत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी घेतं, आणि पालक संमतिपत्रावर सही करतात तेव्हा कुठल्या डोंगराखालून मूल चालणार आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे ही गोष्ट दूरची नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या द्रौपदी का दांडा-२ शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमातल्या गटावर हिमस्खलन आलं आणि २७ जणांचे मृतदेह निघाले. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गमध्ये अफरवटच्या उतारांवर दोन पोलिश स्कीअर गेले. प्रसंग वेगळे, बर्फ वेगळा, कारणं वेगळी. एकाचं माप दुसऱ्याला लावू नये. पण इशाऱ्याची पद्धत पाहा. हिवाळ्यात डीजीआरईकडून (हिमस्खलनांचा अभ्यास करणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेकडून) येणारे इशारे बातम्यांत जिल्ह्यांच्या नावाने झळकतात: अमुक जिल्ह्यात, तमुक उंचीच्या वर, मध्यम धोका. ते उपयोगीच आहेत. मात्र गुलमर्गच्या गोंडोलातून उतरून कुठल्या बाजूला वळलं की आपण कोणत्या पट्ट्याच्या तोंडाशी येतो, हे त्यातून कळत नाही. पुण्या-मुंबईहून हिवाळी ट्रेक नेणाऱ्या आयोजकांच्या माहितीपत्रकातली ‘सोपा’, ‘मध्यम’, ‘अवघड’ ही श्रेणी तर बहुतेक वेळा चालायचे तास आणि दम यांवर ठरलेली असते. त्यामुळे पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावं, की रोजच्या वाटेवर किती पट्टे ओलांडावे लागतात, तंबू कोणत्या उतारांखाली लागतो, आणि पत्रक तिसऱ्या पायरीवर गेलं तर दुसरी वाट कोणती ठरलेली आहे. ज्याने वाट खरोखर पाहिली आहे तो उत्तर देताना नकाशा उघडतो.

एटीईएसची सुधारित आवृत्ती अलीकडच्या वर्षांत आली. तीन वर्गांचे पाच झाले. वरच्या टोकाला ‘टोकाचा’ असा वर्ग वाढला, आणि खालच्या टोकाला ‘शून्य’: हिमस्खलन पोचतच नाही अशी जागा. जुन्या पद्धतीत ‘साध्या’ भागातही थोडा धोका गृहीत धरलेला होता, त्यामुळे नवख्यांना निर्धास्तपणे कुठे न्यावं याचं नकाशावर उत्तरच मिळत नसे. आता ते मिळतं, आणि शाळेचा गट नेणाऱ्याला कोणतं खोरं निवडायचं ते घरून निघण्याआधीच ठरवता येतं.